आपल्याशिवाय निघालेली गाडी

शाळेच्या बसचा ड्रायव्हर रेल्वेवर जळत होता, असं सांगितलं तर लोक हसतात. पण माणसं याहून क्षुल्लक गोष्टींवर जळतात आणि वर त्याला तत्त्व म्हणतात. बसकाकांनी तत्त्वाचा आधार घेतला नाही. ते सरळ म्हणायचे, "रेल्वेत आहे काय? रुळांवरून काय, कुणीही जाईल."

बसकाका हे नाव मुलांनी ठेवलेलं. पुढे शिक्षकही तेच म्हणू लागले आणि शेवटी घरी आलेले पाहुणेसुद्धा. त्यांच्या हातात पहिल्यापासून एकच बस. तिचा गिअर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना कुरकुरतो, डावा वायपर मनात आलं तर चालतो, आणि मागच्या दाराला बाहेरून एक बुक्की मारल्याशिवाय ते लागत नाही. ही सगळी माहिती फक्त त्यांच्याकडे होती, त्यामुळे सुट्टी घेणं त्यांना कधी जमलं नाही. रविवारी ते बस धुवायचे. बायको खिडकीतून विचारायची, "झाली का सवतीची अंघोळ?"

एरवी ते सकाळी मुलं आणत, दुपारी नेत आणि मधल्या वेळात फाटकाजवळच्या बाकावर बसून असत. वर्षातून एकदा मात्र त्यांचं राज्य यायचं. नववी-दहावीची मुक्कामाची सहल. कुठे थांबायचं, चहा कुठला चांगला, कुठल्या टेकडीवरून फोटो येतो आणि कुठल्या झुडपामागे जायला हरकत नाही, हे सगळं ते ठरवत. मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, त्या दोन दिवसांत त्यांना विचारून वाक्य सुरू करत. निघण्यापूर्वी हजेरी व्हायची तीही त्यांच्या पद्धतीची. शेवटच्या बाकापासून एकेक मूल आपला नंबर ओरडायचं, आवाज पुढे पुढे सरकत यायचा, आणि सगळ्यांत शेवटी ते म्हणायचे, "आणि मी." मग चावी फिरायची. आपण नसताना बस निघणार कशी, हा प्रश्न कुणाला पडायचं कारण नव्हतं. तरी ते म्हणायचे.

त्यांच्या सीटच्या मागच्या सीटवर लिंबू बसायची. ही मुलगी पहिलीपासून त्यांच्या बसमध्ये होती आणि तिला पहिलीपासून गाडी लागत होती. कापलेलं लिंबू रुमालात बांधून नाकाशी धरायची, म्हणून ते नाव. तिच्यामुळे काका वळणं घ्यायला शिकले. इतर ड्रायव्हर वळणाकडे बघून वळतात. हे आरशात बघून वळायचे. लिंबूचा चेहरा हिरवट झाला की वेग कमी. तरीही दर दोन-तीन दिवसांनी "काका, थांबा" अशी हाक यायचीच आणि बस रस्त्याच्या कडेला उभी राहायची. आपल्याएवढं सांभाळून तिला जगात कुणी नेऊ शकणार नाही, याबद्दल काकांच्या मनात शंका नव्हती. त्यांच्या एकूण कर्तबगारीचा हा पायाच होता म्हणा ना.

त्या वर्षी इतिहासाच्या सरांनी लिंबूच्या नववीच्या वर्गात विचारलं, "सहल रेल्वेने नेली तर? रात्रभर प्रवास, झोपायला बर्थ, सकाळी थेट समुद्र." सर नवे होते आणि उत्साही होते, हे दोन दोष सहसा एकत्रच येतात. सगळ्या वर्गाने हात वर केले. लिंबूने दोन्ही.

ही बातमी काकांना वर्गातल्या रेडिओने दिली. रेडिओ हा मुलगा. त्याला बंद करायचं बटण नव्हतं. "काका, लिंबूने तर दोन्ही हात वर केले. सर म्हणाले, एकीला एकच मत."

"चांगलं आहे," काका म्हणाले आणि त्या दिवशी मागच्या दाराला दोन बुक्क्या मारल्या.

घरी बायकोने ऐकून घेतलं. "म्हणजे सवतीला सवत आली."

"हसू नकोस."

"मी कुठे हसतेय? उलट दया येतेय तिची. जरा विचारा तिला, जेवण जातं का. माझं पहिले काही महिने जात नव्हतं."

मोठ्या बाईंनी काकांना खोलीत बोलावून समजूत घातली. म्हणजे त्यांना तसं वाटलं. मुलांना स्टेशनपर्यंत बसनेच न्यायचं होतं. बस तिथेच आवारात उभी राहील, आणि एक मोठं माणूस कमी पडतंय म्हणून काकांनी सोबत जावं. "बघा कसं जमतंय ते. नीट पार पडलं तर पुढच्या वर्षीपासून सगळ्या सहली रेल्वेनेच. तुमचीही धावपळ वाचेल."

धावपळ वाचवण्याची मागणी काकांनी कधी केली नव्हती. पण ते जायला तयार झाले. सहल बिघडावी अशी त्यांची अजिबात इच्छा नव्हती. बिघडलीच, तर रेल्वेने बिघडवावी, एवढंच.

संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने मुलं स्टेशनवर आणून सोडली. बसला आवाराच्या कडेला भिंतीशी लावलं, दाराला बुक्की मारली आणि क्षणभर मागे वळून बघितलं. मुलं तोवर जिन्यावर पोचली होती. कुणी वळून पाहिलं नाही.

डब्यात शिरल्यावर काकांनी कामाला सुरुवात केली. खिडकी अर्धीच उघडते. पंख्याला आवाज आहे. मोरीच्या दाराची कडी ढिली. बर्थ अरुंद, झोपेत कूस बदलायची तर आधी विचार करावा लागेल. हे सगळं ते सरांना ऐकू जाईल इतक्या आवाजात स्वतःशी म्हणत होते. सर म्हणाले, "मजा येतेय ना, काका?" अशा माणसाशी भांडताही येत नाही.

आपलं जाकीट त्यांनी खुंटीला अडकवलं आणि लिंबूच्या समोर जाऊन बसले. ती खिडकीशी होती. गाडी निघताना नंबरांची हजेरी झाली नाही. सरांनी दारात उभं राहून मुलं मोजली आणि काम झालं. कुणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. काकांनी "आणि मी" तोंडातल्या तोंडात म्हटलं आणि लिंबूकडे बघत राहिले.

लिंबू वेफर्स खात होती. मग तिने संत्रं खाल्लं. मग मैत्रिणीचं अर्धं सँडविच.

"बरं वाटतंय ना ग?"

"एकदम मस्त, काका."

"मळमळ?"

"नाही."

"थोडीशी तरी?"

"अजिबात नाही."

"मघाशी ते वळण गेलं तेव्हा?"

"वळण कधी गेलं?"

इतकी वर्षं ज्या चेहऱ्यासाठी त्यांनी प्रत्येक वळण पिसासारखं उचलून ठेवलं होतं, तो चेहरा खिडकीला टेकून गाणं म्हणत होता, आणि गाडी कोण चालवतंय हे त्याला ठाऊकही नव्हतं. तिला त्रास व्हावा असं काकांना वाटत नव्हतं. पण चार घास कमी खायला हरकत नव्हती.

"लिंबू जवळ ठेव," ते म्हणाले. "रात्री लागेल."

तिने दप्तराच्या कप्प्यातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि त्यांच्या हातात दिली. "तुम्हीच ठेवा, काका. मला काय करायचंय आता?"

त्यांनी ती पँटच्या खिशात टाकली. एखाद्याला पेन्शन हातात ठेवून घरी पाठवतात, तसं काहीसं झालं.

दिवस मावळता मावळता एक मोठं जंक्शन आलं. गाडी थांबली आणि काका खाली उतरले. कुठेही गाडी थांबली की उतरून तिला एक फेरी मारायची, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. पण आज त्यांना टायर नव्हे, ड्रायव्हर बघायचा होता. ते सगळे डबे ओलांडत पार इंजिनापाशी गेले. खिडकीत एक माणूस पाणी पीत बसला होता.

"मीही ड्रायव्हर आहे," काका म्हणाले.

"बरं," तो म्हणाला.

काकांनी टाचा उंचावून आत पाहिलं. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "स्टिअरिंग कुठंय?"

"स्टिअरिंग नसतं."

"मग वळवता कशी?"

"आपण कशाला वळवायची? ती वळते."

"आणि तुम्ही काय करता?"

त्या माणसाने बाटलीचं झाकण लावलं. "पुढे नेतो. मागे मुलं झोपतात."

काका परत फिरले. स्टिअरिंगसुद्धा नसलेला माणूस, आणि लिंबू त्याच्या गाडीत सँडविच खाते. हा अन्याय पचवायला चहा लागणार होता. अर्ध्या वाटेवर टपरी दिसली. त्यांनी चहा घेतला, नेहमीसारखी गाडीकडे पाठ केली आणि सावकाश फुंकर मारली.

इथे जे घडलं ते दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडलं नसतं. साधा प्रवासी एक डोळा गाडीवर ठेवूनच चहा पितो. पण काका आयुष्यात कधी प्रवासी नव्हते. गाडी आपल्यानंतर निघते, हा त्यांच्या दृष्टीने निसर्गनियम होता. आपला चहा संपेपर्यंत ती उभी असते, कारण ती चालवणारा चहा पीत असतो. मागे डबे हलल्याचा आवाज आला तेव्हा त्यांना वाटलं, मागच्या गाडीला जागा द्यायला जरा पुढे घेत असतील. त्यांनी वळून पाहिलंसुद्धा आणि मनात म्हटलं, हळू घेतोय, हात बरा आहे. मग शेवटचा डबाही गेला, त्याच्या मागचा लाल दिवा लहान होत गेला आणि चहावाला म्हणाला, "तुमची होती का?"

"हो," काका म्हणाले. मग म्हणाले, "नाही."

फोन जाकिटात होता आणि जाकीट प्रवासाला गेलं होतं. चहावाल्याने आपला फोन दिला, पण काकांना एकच नंबर पाठ होता: शाळेचा. तो त्यांच्या बसच्या मागे रंगवलेला होता, 'बस बेपर्वाईने चालवल्यास कळवा' या ओळीखाली. त्यांनी तो लावला. रखवालदाराने उचलला.

"बोला. तक्रार आहे का?"

"आहे."

"कोणाची?"

काकांनी क्षणभर विचार केला. आपलं नाव सांगितलं तर सकाळपर्यंत शाळेच्या फळ्यावर येईल. "रेल्वेची," ते म्हणाले.

"रेल्वे आमची नाही," रखवालदार म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

स्टेशनबाहेर समुद्राकडे जाणारी रात्रीची बस उभी होती. काकांनी तिच्या ड्रायव्हरला आपण कोण ते आणि आपली बस भिंतीशी लावून ठेवली आहे, एवढंच सांगितलं. त्याने जास्त चौकशी केली नाही; धंद्यातल्या माणसाला शेजारी बसवून घेतलं. बस सुटली तसा काकांना हुरूप आला. रेल्वेआधी पोचायचं. फलाटावर उभं राहायचं आणि मुलं उतरली की विचारायचं, "का रे, उशीर केलात?"

पहिल्या वळणावर त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेकवर गेला. तिथे ब्रेक नव्हता. दुसऱ्या वळणावर हातांनी स्टिअरिंग शोधलं. तिसऱ्या वळणानंतर त्यांच्या पोटात काहीतरी हललं, जे आयुष्यात कधी हललं नव्हतं. शेजारचा माणूस चांगला चालवत होता. त्यात खोट काढता येत नव्हती, हा तर आणखीच मनस्ताप. पण वळण कधी येणार हे त्याला ठाऊक असायचं आणि काकांच्या पोटाला नसायचं. घाट सुरू झाल्यावर त्यांनी डोळे मिटले. ते आणखी वाईट ठरलं. शेवटी खिशात हात घातला, पुरचुंडी काढली आणि नाकाशी धरली.

"गाडी लागते वाटतं तुम्हाला," तो ड्रायव्हर हसत म्हणाला. "ड्रायव्हर आणि गाडी लागते?"

"थांबवता का जरा?" काका म्हणाले.

"घाटात कशी थांबवू? धरा थोडा दम."

काकांनी दम धरला, जमेल तेवढा. त्या घाटात त्यांना एक साधी गोष्ट कळली. ती कळायला इतकी वर्षं लागावीत याचं त्यांना नंतर नवल वाटत राहिलं: आरशात दिसतो तो फक्त चेहरा.

पहाटे बस समुद्राच्या गावात पोचली. काकांनी नळावर तोंड धुतलं, केस विंचरले आणि फलाटावर जाऊन उभे राहिले. रेल्वे आली नव्हती. चौकशी केली, तर बराच उशीर. मनाला इतकं बरं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. शेवटी रस्ता तो रस्ता.

गाडी आली. मुलं उतरली, पण गडबड न करता. काकांना बघून रेडिओ किंचाळला, "आहेत! हे बघा, काका इथे आहेत!" आणि मग तोही गप्प झाला, हे जास्त भीतिदायक होतं. मागून सर उतरले, हातात जाकीट. त्यांच्यामागून लिंबू. तिचा चेहरा हिरवट होता. काकांनी हा रंग हजार वेळा आरशात पाहिला होता.

"लागली ना गाडी?" ते म्हणाले. आवाजातला आनंद त्यांना वेळेवर लपवता आला नाही.

"गाडी नाही लागली, काका," रेडिओ म्हणाला. "गाडी थांबल्यावर झालं."

मग त्याने सगळं सांगितलं. जंक्शन सुटल्यावर जेवणाची पाकिटं वाटताना कुणीतरी गंमत म्हणून नंबर म्हणायला सुरुवात केली. आवाज सगळा डबा फिरून आला आणि शेवटी थांबला. 'आणि मी' आलं नाही. सगळे हसले. लिंबू उठली आणि कुणी काही विचारायच्या आत तिने साखळी ओढली.

"मी निर्णय घेणारच होतो," सर म्हणाले. "रानात उभी राहिली हो गाडी. गार्ड आला. म्हणाला, कोण राहिलं? मी म्हटलं, आमचे ड्रायव्हर. तो म्हणाला, ड्रायव्हर पुढे इंजिनात आहे. त्याला समजावण्यातच वेळ गेला. मग मागच्या स्टेशनला फोन केला, तर तिथे तुम्ही नाही. तोवर आमची पाळी गेली, मागच्या सगळ्या गाड्या पुढे काढल्या त्यांनी."

"आणि ही रात्रभर उलट्या करत होती," रेडिओ म्हणाला.

काकांनी लिंबूकडे पाहिलं.

"तुम्ही रुळावर पडला असाल असं वाटलं," ती म्हणाली. ती चिडली होती. "सांगायचं ना, उतरतोय म्हणून."

बस पहिली कशी आली, याचा उलगडा झाला. काकांनी खिशातून पुरचुंडी काढून तिला दिली. तिने ती उघडली. लिंबाची फोड पार चोथा झाली होती.

"हे कुणी वापरलं?"

"मी."

"तुम्हाला गाडी लागते?"

"कुणाला सांगू नकोस," काका म्हणाले. रेडिओ शेजारीच उभा होता. त्यामुळे नाश्ता होईपर्यंत ते सगळ्या वर्गाला समजलं.

परतीच्या प्रवासात प्रत्येक स्टेशनवर कुणीतरी त्यांची बाही धरून ठेवायचं. "काका, चहा हवा असेल तर आधी इंजिनाला सांगून या." हजेरी मात्र नंबरांनी झाली. काकांनी "आणि मी" म्हटल्यावर डब्यातले परके प्रवासीही हसले. लिंबू खिडकीशी बसली, पोटभर जेवली आणि सकाळपर्यंत गाढ झोपली. काका समोरच्या बर्थवरून बघत होते. रेल्वेबद्दलचं त्यांचं मत तसूभर बदललं नव्हतं. उलट ती आता जास्तच खुपत होती, कारण ती त्यांच्यासाठी थांबली होती.

शाळेच्या फाटकात मोठ्या बाई उभ्या होत्या. मुलं पांगल्यावर त्या म्हणाल्या, "ऐकलं मी सगळं. मुलीला उलट्या काय, गाडी रानात उभी काय, माणूस मागे राहतो काय. रेल्वेचं काही खरं नाही, काका. पुढच्या वर्षी दहावीची सहल आपल्या बसनेच काढू."

सर आपल्या बुटांकडे बघत होते. काकांनी हे वाक्य मनात कितीदा तरी ऐकलं होतं. फक्त त्यात मागे राहिलेला माणूस दुसराच कुणीतरी असायचा. आता त्यांनी नुसतं गप्प राहायचं होतं. ते काम त्यांना चांगलं जमत असे.

"बसने लिंबूला त्रास होतो," ते म्हणाले.

"तो तर नेहमीचाच आहे."

"तेच म्हणतोय मी, बाई. नेहमीचा आहे. रेल्वेत नव्हता."

"आणि त्या रात्री झाला तो?"

"तो रेल्वेने नाही केला. मी खाली उतरलो होतो."

"कशाला उतरलात?"

"स्टिअरिंग बघायला."

मोठ्या बाईंनी पुढे विचारलं नाही. शाळा चालवायची तर सगळंच समजून घेऊन चालत नाही. "मग पुढच्या वर्षीही रेल्वे?"

"स्टेशनपर्यंत मी सोडतो," काका म्हणाले आणि मागच्या दाराला बुक्की मारायला गेले.

पुढच्या वर्षी त्यांनी सोडलं. सोबत चला म्हणून मुलांनी आग्रह केला, ते म्हणाले, "मी आलो तर हिच्याकडे कोण बघणार?" आणि बसच्या दारावर हात ठेवला. हजेरी झाली, चावी फिरली. लिंबू त्यांच्या मागच्या सीटवर होती, नाकाशी रुमाल. स्टेशन आता जवळच होतं. पेट्रोल पंपाच्या वळणावर मागून हाक आली, "काका, थांबा."

बस जागच्या जागी थांबली. लिंबू उतरली, कठड्याला धरून उभी राहिली, पाण्याची चूळ भरली आणि परत येऊन बसली. काकांनी आरशात बघितलं.

"हाकेसरशी थांबली," ते सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाले. "साखळी वगैरे काही लागली नाही."

समोर स्टेशनचा मनोरा दिसायला लागला होता आणि सगळी मुलं तो बघायला एका बाजूला झुकली होती. काकांनी दुसरा गिअर टाकला. तिसऱ्यात जाताना तो कुरकुरला.